अस्मितादर्श : मराठवाड्यातील एका स्वतंत्र प्रकाशन-प्रयत्नाचा इतिहास

प्रास्ताविक

मराठवाड्यातील ग्रंथप्रकाशनाच्या इतिहासात ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाचे, म्हणजे दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या नियतकालिकाचे, आणि त्याच नावाने झालेल्या ग्रंथप्रकाशनाचे स्थान वेगळे आहे. ज्या लेखकांना छापील अक्षरांच्या जगात कोणीही वाली नव्हता, त्यांच्यासाठी मराठवाड्यातच उभा राहिलेला हा प्रयत्न सुमारे अर्धशतक एकाच संपादकाच्या हाताखाली चालला आणि त्यातून मराठी साहित्याची एक संपूर्ण शाखा वाढीस लागली. हिंगोली जिल्ह्यातील लेखक आपली पुस्तके छापण्यासाठी आजही पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड या शहरांकडे पाहतात. अशा वेळी या जिल्ह्यात प्रादेशिक लेखकांसाठी एखादी छोटी, स्वतंत्र प्रकाशनसंस्था उभी राहू शकते का, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांना ‘अस्मितादर्श’चा इतिहास उपयोगी पडणारा आहे. प्रकाशनसंस्थेला भांडवल लागतेच, परंतु तिचा पाया संपादनाच्या दृष्टीवर आणि वाचकांशी जोडलेल्या नात्यावर घातला जातो, हे या इतिहासातून स्पष्टपणे दिसते.

पार्श्वभूमी

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला असून हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके आहेत. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्याची परंपरा सांगितली जाते ते नर्सी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांची ६१ पदे शीख धर्माच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, म्हणजे या भूमीशी नाते सांगणारी वाणी कित्येक शतकांपूर्वीच पंजाबपर्यंत पोहोचली होती. छापील ग्रंथाचा व्यवहार मात्र या भागात फार उशिरा रुजला आणि त्याची कारणे राजकीय इतिहासात आहेत.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सभा-संमेलनांना सरकारी परवानगी बंधनकारक करणारे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक त्या काळी लागू होते, त्यामुळे वाङ्मयीन कार्यक्रमसुद्धा संशयाच्या छायेत होत असत. या परिस्थितीत मराठी भाषेचे काम प्रामुख्याने वाचनालयांनी सांभाळले आणि परभणीचे १९०१ मध्ये स्थापन झालेले गणेश वाचनालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पुढे १९४३ मध्ये संस्थानातील मराठी साहित्यिकांची परिषद आकाराला आली. आजची मराठवाडा साहित्य परिषद ही तिचीच वारसदार असून ‘प्रतिष्ठान’ हे तिचे नियतकालिक मराठवाड्यातील लेखकांचे पहिले मोठे व्यासपीठ ठरले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर शिक्षणाचे चित्र झपाट्याने बदलले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तर १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. शिकणारी पहिली पिढी अशी तयार झाली, आणि तिच्यातून लिहिणारी पिढीही तयार होणे क्रमप्राप्त होते. पण तिचे लेखन छापणाऱ्या संस्था या प्रदेशात जवळजवळ नव्हत्या.

मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन

डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत ज्या परिसरात महाविद्यालय उभारले त्याला नागसेनवन असे नाव मिळाले आणि महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, त्यात तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातूनही, दलित आणि गरीब घरांतील मुले येथे शिकायला येऊ लागली. अनेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी तीच पहिली व्यक्ती होती. ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिणारे प्राचार्य म. भि. चिटणीस आणि त्यांच्यानंतरचे, अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी या विद्यार्थ्यांच्या मनात लेखनाविषयीची जाण पेरली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांनी आपल्या दुःखाला आणि विद्रोहाला वाङ्मयाचे रूप दिले, तसे येथील दलित तरुणांनीही द्यावे, असा वानखेडे यांचा आग्रह होता.

या आग्रहाला पूर्वपरंपराही होती. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे काढून, ज्यांचा आवाज इतरांची पत्रे छापत नाहीत त्यांनी स्वतःचे पत्र काढावे, हा धडा घालून दिला होता. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. म्हणजे चळवळ होती, लेखक होते आणि वाचकही तयार होत होते. या तिघांना नियमितपणे एकत्र आणणारे वाङ्मयीन नियतकालिक मात्र अजून निघायचे होते.

स्थापना

हे काम डॉ. गंगाधर पानतावणे यांनी अंगावर घेतले. त्यांचा जन्म १९३७ मध्ये नागपुरात झाला. औरंगाबादेत येऊन त्यांनी प्रथम मिलिंद महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठाच्या मराठी विभागात अध्यापन केले. डॉ. आंबेडकरांच्या पत्रकारितेचा त्यांनी केलेला अभ्यास ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या ग्रंथाच्या रूपाने उपलब्ध आहे. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ या नावाने सुरू झालेले त्रैमासिक १९६८ पासून ‘अस्मितादर्श’ या नावाने निघू लागले आणि २७ मार्च २०१८ रोजी झालेल्या निधनापर्यंत पानतावणे यांचे नाव या त्रैमासिकापासून वेगळे करता आले नाही.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला तशाच प्रकारचे प्रयत्न चालू होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ग्रंथपालाची नोकरी करणारे कवी डडली रँडल यांनी १९६५ मध्ये ‘ब्रॉडसाइड प्रेस’ ही संस्था एकेक कविता सुट्या कागदावर छापून सुरू केली, तर १९६७ मध्ये शिकागोत कवी हाकी मधुबुती यांनी ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ स्थापन केली. दोन्ही संस्था राहत्या घरातून, तुटपुंज्या पैशावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही संस्थांनी प्रस्थापित प्रकाशकांनी न स्वीकारलेल्या कृष्णवर्णीय कवींना वाचकांपर्यंत नेले. औरंगाबादेतील प्राध्यापक आणि डेट्रॉइटचा ग्रंथपाल यांनी निवडलेला मार्ग एकच होता : नोकरी करून उपजीविका भागवायची आणि प्रकाशनाचे काम ध्येय म्हणून करायचे.

कार्यपद्धती

एखाद्या व्यक्तीने पदरमोड करून त्रैमासिक चालवणे त्या काळात किती कठीण होते, हे समजण्यासाठी तेव्हाच्या छपाईची पद्धत पाहावी लागते. ऑफसेट आणि संगणक येण्यापूर्वी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जात असे. खिळेजुळारी, म्हणजे कंपोझिटर, प्रत्येक अक्षराचा खिळा हाताने उचलून ओळी लावत, त्यावरून काढलेली मुद्रिते संपादक तपासत आणि मग ‘फॉर्म’ छापायला जात. कागदाच्या एका तावावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातल्यावर मिळणाऱ्या पृष्ठांच्या गटाला फॉर्म म्हणतात; नेहमीच्या पुस्तकी आकारात त्यात सोळा पृष्ठे बसतात. छपाई झाली की खिळे सोडून पुढच्या कामाला वापरले जात. त्यामुळे प्रती संपल्या तर पुन्हा सगळी जुळवणी करावी लागे आणि प्रती उरल्या तर कागदाचा पैसा अडकून पडे. किती प्रती छापायच्या हा निर्णय आधीच घ्यावा लागत असल्याने छोट्या प्रकाशकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी जोखीम तीच होती.

ही जोखीम कमी करण्याचा नियतकालिकांचा मार्ग म्हणजे वर्गणी. वर्षाची वर्गणी आगाऊ भरणारा वाचक हा एका अर्थाने त्या नियतकालिकाचा भांडवलदार असतो, कारण अंक निघण्यापूर्वीच त्याने कागद-छपाईचा वाटा उचललेला असतो. ‘अस्मितादर्श’चा वाचकवर्ग शिक्षक, कारकून, विद्यार्थी आणि चळवळीतले कार्यकर्ते यांचा होता. या वर्गाची ऐपत बेताची असली तरी त्याचे त्रैमासिकाशी नाते ग्राहकाचे नव्हते, तर आपल्या माणसांचे लेखन आपणच जगवायचे आहे या जबाबदारीचे होते.

त्रैमासिकाच्या कामाचा दुसरा आधार म्हणजे संपादन. पहिल्यांदा लिहिणाऱ्या तरुणाच्या हस्तलिखितात अनुभव सच्चा असला तरी मांडणी विस्कळीत असते आणि शुद्धलेखनाची वाट अनेकदा चुकलेली असते. ते लेखन साभार परत पाठवण्याऐवजी लेखकाला पत्र लिहून पुन्हा लिहायला लावणे, बोलीतील शब्द प्रमाण भाषेच्या नावाखाली न काढता अर्थ लागेल अशा रीतीने ठेवणे, हे काम वेळखाऊ असते आणि त्याचा मोबदला कुठेही नोंदला जात नाही. वामन निंबाळकर, प्र. ई. सोनकांबळे, योगीराज वाघमारे, अविनाश डोळस, यशवंत मनोहर अशा लेखकांचे ‘अस्मितादर्श’शी जे नाते होते, त्यावरून या संपादकीय कष्टाचे मोल कळते. सर्जनशील लेखनाबरोबरच समीक्षेलाही त्रैमासिकाने जागा दिली, हा निर्णय दूरदृष्टीचा होता. दलित साहित्य म्हणजे काय, त्याची प्रेरणा कोणती, त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, या चर्चेला ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राच्या १९६९ च्या दिवाळी अंकाने मोठे स्थान दिले आणि ‘अस्मितादर्श’ने ती पुढील अनेक वर्षे जिवंत ठेवली.

तिसरा आधार मेळाव्यांचा होता. ‘अस्मितादर्श’च्या नावाने निरनिराळ्या गावी लेखक-वाचकांचे मेळावे भरत असत. छापलेल्या मजकुराचा लेखक समोर बसलेल्या वाचकाशी बोलतो, वाचक त्याला प्रश्न विचारतो आणि त्या गावातला एखादा नवा मुलगा आपली वही पुढे करतो, अशी या मेळाव्यांची रचना असल्याने त्रैमासिकाला लेखक आणि वर्गणीदार दोन्ही मिळत गेले. मोठ्या प्रकाशकाचे वितरण विक्रेत्यांच्या साखळीवर चालते. छोट्या प्रकाशनाला ती साखळी उपलब्ध नसते आणि तिची जागा अशा मेळाव्यांनीच भरून काढता येते.

ग्रंथप्रकाशन

त्रैमासिकाच्या पाठोपाठ ग्रंथप्रकाशन झाले. वामन निंबाळकर यांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा संग्रह १९७३ मध्ये अस्मितादर्श प्रकाशनाच्या नावाने औरंगाबादेतून निघाला. गावकूस म्हणजे गावाभोवतीची तटबंदी. तिच्या बाहेर ज्यांची वस्ती ठेवली गेली त्यांची ही कविता, त्याच लोकांनी उभारलेल्या प्रकाशनाकडून वाचकांसमोर आली, याचे ऐतिहासिक महत्त्व कमी लेखता येणार नाही. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन १९७९ मध्ये औरंगाबादच्याच चेतना प्रकाशनाने काढले. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, मुंबईच्या ग्रंथालीने दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले होते. ग्रंथाली ही वाचकांना सभासद करून घेणारी आणि पुस्तके घेऊन गावोगाव जाणारी चळवळ असल्याने तिचाही पाया वाचकांच्या सहभागावरच होता. दलित आत्मकथनांची ही परंपरा पुढे इंग्रजी आणि अन्य युरोपीय भाषांपर्यंत गेली. परंतु तिची पहिली पाने अशा छोट्या आणि बिनधनाच्या प्रकाशकांनी छापली, हे विसरता येत नाही.

हा काळ शांततेचा नव्हता. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि त्याची झळ तेव्हाच्या परभणी जिल्ह्यालाही लागली. नामविस्तार प्रत्यक्षात १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत, ज्यांची घरे जळली त्यांच्या मनात काय चालले होते हे नोंदवणाऱ्या लेखनाला जागा देणारे नियतकालिक मराठवाड्यातच होते, यावरून प्रादेशिक प्रकाशनाची गरज समजते. बाहेरच्या प्रकाशकाला तो विषय एका हंगामाचा वाटला असता. येथील संपादकाच्या दृष्टीने तो आपल्या माणसांच्या आयुष्याचा होता.

पानतावणे यांच्या कार्याची दखल पुढे सर्वत्र घेतली गेली. २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

समकालीन प्रयत्न

‘अस्मितादर्श’ हा मराठवाड्यातील एकमेव स्वतंत्र प्रयत्न नव्हता. लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांना पर्याय म्हणून तरुण लेखकांनी स्वतः काढलेल्या अनियमित आणि अल्पखर्ची अंकांच्या, चळवळीतून औरंगाबादेत ‘वाचा’ प्रकाशन उभे राहिले आणि त्याने १९७० मध्ये भालचंद्र नेमाडे यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह काढला. पैठण तालुक्यातील वडजी या खेड्यातून आलेले कादंबरीकार बाबा भांड यांनी उभारलेल्या साकेत प्रकाशनाने नेमाडे यांचे ‘टीकास्वयंवर’ १९९० मध्ये प्रसिद्ध केले आणि या ग्रंथाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्यात छापलेले पुस्तक राष्ट्रीय पातळीवर मानले जाऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. यांपैकी प्रत्येक प्रयत्नाच्या मुळाशी लेखक किंवा अध्यापक होता. नुसता व्यापारी कुठेही नव्हता.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

हिंगोली जिल्ह्याला लेखकांची उणीव नाही. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ मध्ये कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे झाला आणि त्यांचे आडनाव वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावावरून आलेले आहे. ‘पीकपाणी’ या संग्रहाने मराठी कवितेत शेतकऱ्याचे जगणे नव्याने आणणारे इंद्रजित भालेराव हे वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे. कुरुंदकरांचे महत्त्वाचे ग्रंथ पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढले. त्या प्रकाशकाचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, कुरुंदकरांसारखी प्रतिभा नसलेल्या परंतु प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या शेकडो लेखकांना पुण्याचे दार उघडत नाही. हळदीच्या शेतीविषयी, कयाधूच्या काठावरील गावांविषयी, बंजारा आणि आंध समाजांच्या बोलींविषयी, येथील निजामविरोधी मुक्तिसंग्रामाच्या आठवणींविषयी लिहिले गेलेले किंवा लिहिता येण्याजोगे साहित्य जिल्ह्याबाहेरच्या प्रकाशकाच्या प्राधान्यक्रमात क्वचितच बसते.

आजची परिस्थिती ‘अस्मितादर्श’च्या आरंभकाळापेक्षा काही बाबतींत सोपी आहे. संगणकावर जुळवलेला मजकूर पुनर्मुद्रणासाठी जसाच्या तसा राहतो आणि मागणीनुसार मुद्रणाच्या तंत्राने शंभर किंवा त्याहूनही कमी प्रती काढता येतात, त्यामुळे खिळ्यांच्या काळातील जोखीम पुष्कळशी उरलेली नाही. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गांची ग्रंथालये दरवर्षी पुस्तके खरेदी करतात आणि मराठी प्रकाशनव्यवहाराचा मोठा भाग याच खरेदीवर उभा आहे.

या सोयींबरोबर काही जबाबदाऱ्याही येतात. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह नियुक्त ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. छोट्या प्रकाशकांकडून ती अनेकदा जात नाही आणि मग ते पुस्तक राष्ट्राच्या ग्रंथसंचितात नोंदलेच जात नाही. लेखकाशी लेखी करार करणे, स्वामित्वधनाचा म्हणजे विक्रीवर लेखकाला द्यावयाच्या वाट्याचा हिशेब दरवर्षी देणे आणि लेखकाकडून सगळा खर्च घेऊन केवळ छपाईची दलाली करण्याचा मोह टाळणे, या तीन गोष्टींवर नव्या संस्थेची पत ठरते. लेखकाच्या पैशावर काहीही छापणारी संस्था मुद्रक असते. हस्तलिखित निवडणारी, प्रसंगी नाकारणारी आणि स्वीकारलेल्या पुस्तकाची जोखीम स्वतः उचलणारी संस्थाच प्रकाशक या नावाला पात्र ठरते.

समारोप

‘अस्मितादर्श’च्या अर्धशतकातून हिंगोलीने घ्यावयाचा क्रम स्पष्ट आहे. आधी नियतकालिक, मग त्याभोवती लेखक आणि वर्गणीदार, त्यांना एकत्र आणणारे मेळावे आणि त्यानंतर निवडक पुस्तके, या क्रमाने गेलेली संस्था टिकते. एकदम दहा पुस्तकांचा संच काढून गोदाम भरणारी संस्था दुसऱ्या वर्षीच थकते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांचे मराठी विभाग, पाचही तालुक्यांतील सार्वजनिक वाचनालये आणि शाळांतील मराठीचे शिक्षक यांनी मनावर घेतले, तर असे एखादे त्रैमासिक चालवण्याइतके वर्गणीदार जिल्ह्यातच मिळू शकतील. जिल्ह्यातील प्रत्येक वाचनालयाने आणि प्रत्येक वाचनप्रेमी शिक्षकाने वर्षाची एक वर्गणी आगाऊ भरून या कामाला आरंभ करून द्यावा, हेच या इतिहासाच्या निमित्ताने वाचकांना आवाहन आहे.